जलपर्णी काढण्याचे नको, पाणी मोकळे ठेवण्याचे पैसे द्या

थंडी ओसरू लागली की पुणे-पिंपरी परिसरातल्या पवना, मुळा आणि इंद्रायणीवर हिरवा थर चढायला लागतो. मार्चपर्यंत काही ठिकाणी पाणी दिसेनासे होते, डासांच्या तक्रारी वाढतात, वर्तमानपत्रांत फोटो येतात आणि मग महापालिकेची यंत्रणा हलते. निविदा निघते, पोकलेन नदीत उतरतो, काठावर जलपर्णीचे ओले ढीग पडतात. जूनमध्ये पाऊस लागतो, उरलेसुरले वाहून जाते आणि नदी साफ झाली असे सगळ्यांनाच वाटते. पुढल्या फेब्रुवारीत तोच थर, तीच निविदा. कोल्हापूर-इचलकरंजीकडे पंचगंगेत, नाशिकखाली गोदावरीत, कल्याणजवळ उल्हास नदीत, मुंबईत पवई तलावात थोड्याफार फरकाने हेच चालले आहे, आणि दरवर्षी कोट्यवधी रुपये त्यात जात आहेत. या अपयशाला वनस्पतीचा चिवटपणा कारणीभूत आहेच. पण त्याहून मोठे कारण आपल्या पैसे देण्याच्या पद्धतीत आहे. काढलेल्या क्षेत्राचे, चाललेल्या यंत्राच्या तासांचे, एका हंगामाच्या कामाचे पैसे आपण मोजतो. त्यानंतर पाणी किती दिवस मोकळे राहिले हे कोणी मोजत नाही, म्हणून ते मोकळे राहावे यात कोणाचाच आर्थिक संबंध गुंतलेला नसतो.

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन खोऱ्यातली. तिच्या जांभळ्या फुलांना भुलून माणसांनीच ती जगभर नेली. ती बियांनी वाढते, पण त्याहून वेगाने वाढते ती धुमाऱ्यांनी: एका रोपाच्या बाजूला दुसरे, त्याच्या बाजूला तिसरे. ऊब आणि खतावलेले पाणी मिळाले की साधारण दोन आठवड्यांत तिचा पसारा दुप्पट होतो. या एका आकड्यावरून पुढचा सगळा हिशेब मांडता येतो. शंभर हिस्से जलपर्णीतले नव्वद काढले आणि दहा राहिले, तर सुमारे सात आठवड्यांत पात्र पुन्हा भरते. नव्व्याण्णव काढले आणि एकच हिस्सा राहिला, तर तेरा-चौदा आठवडे लागतात. म्हणजे कंत्राटदाराने मनापासून काम केले, नव्व्याण्णव टक्के नदी मोकळी केली, तरी तीन-सव्वातीन महिन्यांत आपण होतो तिथेच येतो. खरे काम शेवटच्या एका टक्क्याचे आहे. बंधाऱ्याच्या मागे, पुलाच्या खांबाला, नाल्याच्या तोंडाशी, वळणावरच्या डबक्यात अडकलेली ती मूठभर रोपे दर आठवड्याला कोणीतरी जाऊन उचलली पाहिजेत. ते काम दिसायला क्षुल्लक आहे, त्याचा फोटो निघत नाही आणि आजच्या निविदेत त्याला जागाही नाही.

वेळेचेही तेच. पुराने नदी धुऊन निघाल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जलपर्णी सर्वांत कमी असते. त्या महिन्यांत दोन होड्या आणि काही माणसे जे करू शकतात, त्यालाच मार्च-एप्रिलमध्ये अवजड यंत्रे लागतात. आपण नेमकी सर्वांत महाग वेळ निवडतो, कारण डोळ्यांना खुपल्याशिवाय फाईल पुढे सरकत नाही. शिवाय पुराने वाहून गेलेली जलपर्णी नाहीशी होत नाही, ती खालच्या गावाच्या वाट्याला जाते. पवनेतली मुळेत येते, मुळा-मुठेतली रांजणगाव सांडसजवळ भीमेत जाते, इंद्रायणीतली तुळापूरला भीमेला मिळते, आणि पुढे सगळे उजनीच्या पाण्यात उतरते. शहराच्या हद्दीत नदी साफ दिसली म्हणून शहराचे काम झाले, असे उजनीच्या काठावर जाळे टाकणाऱ्या मच्छीमाराला सांगता येणार नाही. आणि बी? ते गाळात पंधरा-वीस वर्षे तग धरते. एका हंगामाचे कंत्राट आणि पंधरा वर्षे टिकणारे बी यांचा सामना कधीच बरोबरीचा नव्हता.

ही अडचण नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जलपर्णी बंगालमध्ये पोहोचली आणि काही दशकांत तिथले कालवे-पाणथळी, भातखाचरे, जलमार्ग तिने अडवले. १९३६ साली तिच्या बंदोबस्तासाठी बंगालमध्ये स्वतंत्र कायदा झाला. १९३७च्या प्रांतिक निवडणुकीत राजकीय पक्षांनी जलपर्णीमुक्त बंगालची आश्वासने दिली आणि निवडून आलेल्या फजलुल हक यांच्या सरकारने ती मनावर घेऊन मोठ्या मोहिमा काढल्या. लोकांना एकत्र करून जलपर्णी उपसली, जाळली, पुरली. तरीही ती आज बांगलादेशात आणि पश्चिम बंगालमध्ये सर्वत्र आहे. कायदा, इच्छाशक्ती, लोकसहभाग यांपैकी कशाचीच तिथे उणीव नव्हती. मोहीम संपल्यानंतरच्या वर्षांची तजवीज मात्र नव्हती.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा: जलपर्णी हे लक्षण आहे, रोग सांडपाण्याचा आहे. नदीत प्रक्रिया न केलेले मैलापाणी सोडणे थांबवा, जलपर्णी आपोआप आटोक्यात येईल. तोवर ती काढण्यावर खर्चलेला प्रत्येक रुपया वाया. यातला पहिला भाग पूर्ण खरा आहे. नायट्रोजन आणि फॉस्फरस हेच तिचे अन्न, आणि ते आपण नळाने पुरवतो. ज्या नदीत नाले तसेच मिसळतात तिथे कोणतीही उपाययोजना अपुरीच पडणार, हे महापालिकांनी मान्य करून निविदेच्या कागदावरही लिहायला हवे. पण दुसरा भाग पटत नाही. एक तर सांडपाणी प्रकल्प पूर्ण व्हायला वर्षे लागतात. त्या काळात पात्र झाकलेले ठेवले तर पाण्यात ऊन आणि प्राणवायू पोहोचत नाही, मासे मरतात, खाली कुजणारा थर पुन्हा खतच होतो आणि गाळातला बियांचा साठा दरवर्षी वाढतो. मॅन्सोनिया जातीच्या डासांच्या अळ्या तर तिच्या मुळांना चिकटून तिथूनच हवा घेतात. दुसरे म्हणजे, पाणी उद्या स्वच्छ झाले तरी आधीच साठलेला गाळ तिला बराच काळ पोसत राहतो. सांडपाणी रोखले की दुपटीचा वेग मंदावतो, म्हणजे तो उरलेला एक टक्का वेचण्याचे काम सोपे होते. दोन्ही कामे एकमेकांना धरूनच करायची आहेत.

मग तणनाशक का नको, असे विचारले जाते. फवारले की आठवड्यात पाने पिवळी पडतात, हे खरे. पण एवढा मोठा हिरवा भार एकदम मेला की तो तळाशी जातो, कुजतो, पाण्यातला प्राणवायू खातो आणि त्याने शोषलेली सगळी पोषकद्रव्ये पाण्याला परत करतो. ज्या नद्यांवर खालच्या गावांच्या पाणीयोजना आहेत, तिथे हा मार्ग सर्रास वापरणे मला अक्षम्य वाटते.

जैविक नियंत्रणाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे आणि तो आपल्याकडे फार लवकर निकालात काढला जातो. नियोकेटिना नावाचे दोन प्रकारचे सोंडकिडे जलपर्णीच्या मूळ प्रदेशातले, तिच्यावरच जगणारे. ते १९८०च्या दशकात भारतात आणले गेले आणि बंगळुरूच्या काही तलावांत त्यांनी दोन-तीन वर्षांत जलपर्णी खाऊन खाली आणली. आफ्रिकेत व्हिक्टोरिया सरोवरावर १९९०च्या दशकात तिने हजारो हेक्टर पाणी झाकले होते. युगांडा आणि केनियाने हेच किडे सोडले आणि शतक संपेपर्यंत बहुतेक पसारा ओसरला. त्यात वादळी हवामानाचा वाटा किती, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पुढे केनियाच्या किनाऱ्यावर ती परतलीही, कारण शहरांचे आणि शेतांचे खतावलेले पाणी सरोवरात येतच होते. आपल्याकडे किडे ‘चालत नाहीत’ असे म्हणतात, तेव्हा दोन गोष्टी विसरल्या जातात. भरपूर मैलापाणी मिळाले की जलपर्णी किड्यांच्या भुकेपेक्षा वेगाने वाढते. आणि दर उन्हाळ्यात यंत्राने सगळे खरवडून काठावर टाकले की त्यावर वाढलेले किडेही तिथेच मरतात. या उपायाला सलग वर्षे हवीत, आणि आपला ठेका दर वर्षी नव्याने सुरू होतो. संथ पाण्याच्या तलावांत जाणकारांच्या देखरेखीखाली किड्यांना चार-पाच वर्षे देऊन पाहणे नक्कीच योग्य. पुराने धुतल्या जाणाऱ्या नदीत मात्र त्यांच्याकडून फार आशा धरू नये.

‘कचऱ्यातून संपत्ती’ हा युक्तिवाद सर्वांत लोकप्रिय आहे. जलपर्णीपासून खत करा, गॅस करा, टोपल्या आणि पर्स विणा. काढण्याचा खर्च सुटेल आणि बायकांना रोजगार मिळेल. काढलेल्या वनस्पतीचे काहीतरी करायलाच हवे, काठावर टाकलेला ढीग पहिल्या पावसात पुन्हा नदीत जातो. त्यामुळे खत अवश्य करावे. पण जलपर्णीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असते. शंभर टन उचलून, वाहून, वाळवून हाती फार तर दहा टन लागतात, तेही शहरी नदीतले असतील तर जड धातूंची तपासणी करूनच शेतात टाकण्याजोगे. आणखी मोठा धोका असा, की एखादा धंदा कच्च्या मालावर उभा राहिला की तो माल संपू नये अशीच त्याची गरज बनते. कच्छच्या बन्नीत हे घडून गेले आहे. रणाचा फैलाव रोखायला १९६०च्या दशकात तिथे वेडी बाभूळ लावली गेली. ती आशियातल्या एका नामांकित कुरणावर पसरली, २००४मध्ये तिचा कोळसा करायला परवानगी मिळाली आणि काही वर्षांत ती मागे घ्यावी लागली. वरून तोडलेली बाभूळ बुंध्यातून अनेक फांद्यांनी फुटते. कोळसा करणाऱ्या गरिबांना चार पैसे मिळाले हे महत्त्वाचे आहे. कुरण मात्र त्यातून परत आले नाही. वापर हा निर्मूलनाचा पूरक भाग असू शकतो. त्याच्या फायद्यावर निर्मूलनाचा खर्च भागवू पाहणे म्हणजे पिकाची लागवड करणेच होय.

जंगलात हीच गोष्ट घाणेरीची आहे. कोकणात तिला टणटणी म्हणतात, विदर्भात रायमुनिया. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणलेले हे झुडूप आता भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी २०२०मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार १ लाख ५४ हजार चौरस किलोमीटर जंगलात, म्हणजे वाघांच्या प्रदेशातल्या ४० टक्क्यांहून अधिक वनक्षेत्रात शिरले आहे. तिच्या जाळीखाली गवत उगवत नाही. तिची पाने जनावरांनी खाल्ली तर यकृताला इजा होते, म्हणून हरणे तिला टाळतात. गवत गेले की चितळ-सांबर बाहेर शेताकडे वळतात, त्यांच्यामागे वाघ-बिबटे, आणि मग मानव-वन्यजीव संघर्षाच्या बातम्यांत घाणेरीचे नावही येत नाही. तिच्या बंदोबस्ताची नेहमीची रीत म्हणजे वरून तोडणे आणि जाळणे. दोन्हींनंतर ती बुडख्यातून जोमाने फुटते. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेट परिसरात दाखवलेली पद्धत वेगळी आहे. जमिनीच्या किंचित खाली, तीन ते पाच सेंटिमीटरवर मुख्य मूळ कुदळीने तोडायचे आणि झुडूप उपसून पालथे ठेवायचे, म्हणजे फांद्या पुन्हा मूळ धरत नाहीत. बुलबुल, मैना ज्या झाडांवर बसतात त्यांच्याखाली विष्ठेतून पडलेल्या बियांची रोपे पुढच्या पावसाळ्यात उपटायची. आणि मोकळ्या जागेत स्थानिक गवत पेरायचे. यात यंत्र नाही, विष नाही. लागते ते नजर असलेले मनुष्यबळ आणि सलग काही वर्षे. मेळघाटात बोरी, कोहा, कुंड ही गावे पुनर्वसित झाल्यावर रिकाम्या झालेल्या जमिनींवर कुरणे उभी राहिली, तीही आपोआप राहिली नाहीत. पवन्या, मारवेल, कुसळी टिकवायची तर घाणेरी, रानतुळस आणि तरोटा दरवर्षी, बी धरण्याआधी काढावा लागतो.

मोकळी केलेली जागा रिकामी ठेवली तर काय होते, याचे उत्तर पुण्याने केव्हाच दिले आहे. गाजर गवताची भारतात ठळक नोंद १९५०च्या दशकात पुण्यात झाली आणि तिथून ते देशभर पसरले. त्याला हटवायला तरोट्याच्या जातकुळीतल्या कॅसिया युनिफ्लोराचा आधार घेतला गेला. तिने काही भागांत गाजर गवताला खरोखर मागे सारले, पण तीही अमेरिकेतूनच आलेली. आज कित्येक माळांवर तिचेच राज्य आहे. एका पाहुण्याला काढायला दुसऱ्याला घर देण्यातून माळाला काहीच मिळाले नाही.

‘परदेशी’ हा निकषच मुळात संकुचित आहे, असेही काही विचारी माणसे म्हणतात. मिरची, बटाटा, पेरू, काजू, भुईमूग हे सगळे बाहेरूनच आले. मग घाणेरीवरच राग का? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर आकड्यांतच आहे. जैवविविधतेवरच्या आंतरशासकीय मंचाने २०२३मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात नव्या प्रदेशांत गेलेल्या वनस्पतींपैकी सुमारे ६ टक्केच आक्रमक ठरल्या आहेत. बाकीच्यांशी आपले काही भांडण नाही. हरकत मूळ गावाला नाही, वागणुकीला आहे. त्याच अहवालात जगात सर्वाधिक पसरलेल्या आक्रमक प्रजातींत पहिला क्रमांक जलपर्णीचा आणि दुसरा घाणेरीचा आहे. दोन्ही महाराष्ट्राच्या परसात आहेत. घाणेरीवर फुलपाखरे बसतात, पक्षी तिची फळे खातात, हेही खरे. जिथे दुसरा आडोसाच उरलेला नाही तिथे ती एका फटक्यात साफ करू नये, टप्प्याटप्प्याने करावी. फुलपाखराला मध तिच्यावर मिळेल. त्याच्या अळीला लागणारी देशी झुडपे आणि गवते मात्र तिच्याच जाळीखाली दबून मरतात.

हे काम महाग नाही का? महाग आहे, आणि सगळीकडे करता येणारही नाही. दीड लाख चौरस किलोमीटर कुदळीने मोकळे होणार नाहीत. म्हणूनच निवड करायला हवी: जिथे आक्रमण अजून तुरळक आहे अशा जागा आधी, उगमाकडचे पाणी आधी, कुरणे आणि पाणवठे आधी. दक्षिण आफ्रिकेने १९९५मध्ये ‘वर्किंग फॉर वॉटर’ या नावाने बेरोजगारांना मजुरी देऊन पाणलोटातली आक्रमक झाडे काढण्याचा कार्यक्रम सुरू केला. केपटाऊनच्या २०१८च्या भीषण टंचाईच्या वर्षी मांडलेल्या एका हिशेबानुसार पाणलोटातली परदेशी झाडे काढल्यास शहराला काही वर्षांत दरसाल सुमारे ५,५०० कोटी लिटर पाणी जास्त मिळेल, आणि ते समुद्राचे पाणी गोडे करण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडेल. त्याच देशातल्या संशोधकांनी हेही दाखवले, की जिथे काम फार विखुरले आणि पाठपुरावा चुकला तिथे झाडे परत आली. रोजगार हमीचा कायदा देशात सर्वप्रथम, १९७७ साली, करणाऱ्या महाराष्ट्राला या दोन्ही धड्यांचा उपयोग आहे. मजूर आहेत, काम आहे, ऋतूही जुळतो. वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांना आपापल्या जंगलाची पाच-पाच वर्षांची जबाबदारी आणि तिचा मेहनताना देता येईल.

या सगळ्यावर पाणी पडते ते नवी रोपे लावत राहण्याने. आपल्या टेकड्यांवर एकेकाळी गिरिपुष्प आणि सुबाभूळ सरकारी खर्चानेच लागली, कारण ती चटकन हिरवी दिसतात आणि गुरे गिरिपुष्पाला तोंड लावत नाहीत. अलीकडे शोभेचा पिवळा-केशरी कॉसमॉस पुण्याच्या टेकड्यांवर पसरतो आहे. गुजरातने २०२३मध्ये कोनोकार्पसच्या लागवडीवर बंदी घातली, तेव्हा तो रस्तोरस्ती लावून झाला होता. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२च्या दुरुस्तीने आक्रमक परदेशी प्रजातींची आयात, व्यापार, बाळगणे आणि फैलाव रोखण्याचे अधिकार केंद्राला दिले आहेत. ते वापरले जायला हवेत, पण सरकारी रोपवाटिकांची यादी तपासायला महाराष्ट्राने दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही.

महापालिकांपुरते बोलायचे तर मागणी अगदी नेमकी आहे. जलपर्णीचे कंत्राट किमान पाच वर्षांचे असावे आणि ते ऑक्टोबरमध्ये सुरू व्हावे. निम्म्याहून जास्त रक्कम पाणी मोकळे राहिलेल्या महिन्यांवर दिली जावी. त्याची मोजणी उपग्रहाच्या चित्रांवरून दर पंधरवड्याला होऊ शकते आणि ती चित्रे लोकांना पाहता यावीत. खालच्या गावाला जलपर्णी सोडल्यास दंड असावा, आणि हे सगळे एका नदीच्या उगमापासून धरणापर्यंतच्या सर्व पालिकांनी, जिल्हा परिषदांनी आणि जलसंपदा खात्याने एकाच करारात बांधून घ्यावे. भीमेच्या खोऱ्यात याची सुरुवात करता येईल, कारण तिथे जलपर्णी कुठून निघते, कुठल्या संगमावर मिसळते आणि कुठे जाऊन साचते, याबद्दल कोणाच्याच मनात शंका नाही.